शिखराच्या ऐंशी मीटर अलीकडे

मंडळी, जरा पुढं सरका. मागच्या लोकांच्या डोक्यावर ऊन आलंय. यंदा मांडवाचं कापड कमी पडलं आणि माणसं जास्त झाली — देवळाला ह्यापेक्षा चांगली अडचण कुठली? सरका, सरका. हं! आता ऐका.

आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. धीराचा माणूस कोण? जो पुढं जातो तो, का जो मागं फिरतो तो?

"पुढं जातो तो!" — बघा! पहिल्या रांगेतून उत्तर आलंसुद्धा. कोण बोललं? अण्णा? वा! अण्णा, तुमचं घर त्या कोपऱ्यावर, आणि देवळापर्यंत आलात रिक्षानं!

नाही, हसू नका. अण्णा बोलले ते आपण सगळेच बोलतो. घेतला वसा टाकू नये, धरलेली वाट सोडू नये. लहानपणापासून हेच कानावर आहे, आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मी फक्त एका माणसाची गोष्ट सांगतो. ती संपली की परत विचारीन. तेव्हा मात्र सांभाळून बोला, अण्णा!

तर मंडळी, बार्शीच्या अलीकडं पिंपळझरी नावाचं एक गाव. तिथं उत्तरेश्वर वाघमोडे नावाचा गृहस्थ. वय बेचाळीस. नोकरी कसली? नगरपंचायतीत पाणी सोडायची. सकाळी वरच्या आळीची चावी फिरवायची, दुपारी खालच्या आळीची. गावातल्या बायका ज्याची देवापेक्षा जास्त वाट बघायच्या, तो हा माणूस!

ह्याला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. हा चालायला लागला. चालता चालता पळायला लागला. आणि मग एक दिवस त्याच्या मेहुण्याचा फोटो आला. मेहुणा फौजेत, तिकडं वर सीमेवर. फोटोत मेहुणा हसतोय आणि मागं बर्फाचा डोंगर. पांढरा शुभ्र! उत्तरेश्वरची बायको पद्मिन भावाकडं बघत होती, आणि हा? हा डोंगराकडं!

म्हणाला, "पद्मिन, मला हितं जायचंय."

"दादाला भेटायला?"

"न्हाई. त्याच्या पाठीमागं."

आता सांगा, बार्शीच्या मुलखात डोंगर आणायचा कुठून? जिकडं बघावं तिकडं सपाट. पिंपळझरीत सगळ्यात उंच जागा कुठली, तर पाण्याची टाकी! तिच्या चाव्या ह्याच्याच कमरेला. झालं. पाठीवर वीस किलो वाळूची पिशवी बांधली आणि पठ्ठ्या टाकीचा जिना चढायला लागला. वर, खाली. वर, खाली. रोज चाळीस वेळा!

पहिल्या दिवशी काय झालं असेल? अहो, गाव गोळा झालं! माणूस टाकीवर चढला की लोकांना काय वाटतं ते मी सांगायला पाहिजे का? सरपंच होऊन गेलेले दोघं-तिघं हात जोडून खाली उभे — "उत्तरेश्वर, तुझ्या काय मागण्या असतील त्या मान्य! खाली ये बाबा!" हा वरून ओरडतोय, "येतोय की! परत जायचंय वर!"

हसा, हसा. पण हा हट्टाचा माणूस होता. एकवीस किलोमीटरची शर्यत पळाला. मग बेचाळीस. नखं काळी पडली, पडून गेली, नवी आली. तीस किलोमीटरनंतर पायात गोळे यायचे, लोक रस्त्याच्या कडेला बसायचे — हा बसायचा नाही. त्यानं स्वतःशी एक वाक्य बांधलं होतं. नीट ऐका हं वाक्य. "दुखणं पायात ठेवायचं, तोंडात आणायचं न्हाई."

काय वाक्य आहे! टाळी द्यावी असं आहे की नाही? दिली लोकांनी टाळी. खूप दिली.

पुढं साताऱ्याकडं डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत लागली. चढ, उतार, दगड, घसरण, आणि वेळ दहा तास. दहा तासांच्या आत आलात तर पदक, नाहीतर घरी जा. अडतिसाव्या किलोमीटरला ह्याला एक मुलगी दिसली. दगडावर बसलेली, बूट हातात, डोळ्यात पाणी. निलोफर तांबोळी तिचं नाव. मिरजेची, शाळेत खेळाची बाई. तिलाही बर्फाच्या डोंगरावर जायचं होतं, आणि त्या मोहिमेवर जायचं तर ही शर्यत वेळेत पुरी करणं भाग होतं.

ती म्हणाली, "दादा, तुम्ही जा. माझं संपलं."

हा थांबला. म्हणाला, "पोरी, कुठं दुखतंय?"

"गुडघ्यात."

"मग गुडघ्यालाच दुखू दे की! तोंडात कशाला आणतीस? ऊठ. थांबायचं न्हाई."

उठवली तिला! बारा किलोमीटर तिला बोलत बोलत आणलं. तिच्या पुढं दहा पावलं चालायचं, मागं वळायचं, म्हणायचं — थांबायचं न्हाई! नऊ तास अठ्ठावन्न मिनिटांनी दोघं शर्यतीच्या शेवटच्या दोरीच्या आत आले. दोन मिनिटं राहिली होती! लोकांनी उचलून घेतलं दोघांना. आणि निलोफरनं वाकून ह्याच्या पायाला हात लावला. म्हणाली, "दादा, हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही."

मंडळी, ह्या वाक्यावर मला भीती वाटते. तुम्हाला नाही वाटत?

कारण दुसऱ्या दिवशी काय झालं ते पदकाच्या फोटोत नाही. उत्तरेश्वरला लघवी झाली ती आमसुलाच्या पाण्यासारखी. लाल! मूत्रपिंडावर ताण आला होता. तीन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, "शरीर तुम्हाला सहा तास हाका मारत होतं. ऐकल्या नाहीत?" पद्मिन उशाशी बसून म्हणाली, "ऐकल्या असत्याल. पर हे कुणाला सांगायचं न्हाईत. मलाबी न्हाई." आणि ह्यानं मनात काय म्हटलं? "पर शर्यत पुरी केली!"

अहो, मार खाऊन शहाणा होतो तो माणूस. मार खाऊन त्याचं पदक करतो, त्याला काय म्हणायचं?

चला. आता डोंगरावर चला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मोहीम निघाली. सहा हजार दोनशे मीटर उंच शिखर. एका दोरीला तिघंजण. पुढं वाटाड्या — दरबानसिंग, गढवालचा, पंचावन्न वर्षांचा, कमी बोलणारा. मध्ये निलोफर. शेवटी आपला उत्तरेश्वर. दोरी कमरेला बांधलेली. एक घसरला तर दोघांनी त्याला धरायचं, आणि दोघं घसरले तर? तर हरी!

शेवटच्या तळावर दरबानसिंगनं एकच गोष्ट सांगितली. "बारह बजे जहाँ होंगे, वहीं से वापस. दस कदम बाकी हो, तो भी वापस." का? कारण दुपारी ऊन लागून बर्फ भुसभुशीत होतो. वर ढग जमतात. सकाळी ज्यावर पाय ठेवून गेलात, तेच दुपारी पायाखालून निघून जातं. दोघांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं? तुम्हीही डोलवताय!

पहाटे निघाले. बुटाला लोखंडी काटे, हातात बर्फाची कुऱ्हाड. आणि सकाळी आठला वाटेत भेग आली. बर्फात पडलेली, अंधारी, तळ न दिसणारी भेग. त्यावर बर्फाचा एक पूल होता पण दरबानसिंगला तो पसंत पडेना. कुऱ्हाडीनं टोचून बघतोय, मान हलवतोय. लांबून वळसा घातला, दुसरा पूल शोधला, एकेक करून ओलांडला. ह्यात दोन तास गेले. दोन तास! घड्याळ कुणासाठी थांबतंय?

मग चढ. मंडळी, तिथं श्वास कसा असतो माहिती आहे? एक पाऊल, चार श्वास. एक पाऊल, पाच श्वास. छातीत कुणीतरी भाता फुंकतंय आणि वारा काही आत येत नाही. उत्तरेश्वर मोजत होता. त्याला टाकीचा जिना आठवत होता. एक... दोन... डोकं ठणकत होतं. सांगितलं का कुणाला? छे! दुखणं डोक्यात ठेवायचं!

आणि ढग फाटले. समोर शिखर! असं, त्या कळसाइतकं जवळ. वर वाऱ्यानं बर्फाचा भुगा उडतोय, सोन्यासारखा. ऐंशी मीटर. फक्त ऐंशी मीटर!

दरबानसिंग थांबला. घड्याळ बघितलं. मागं वळला.

"बारह बज गए. वापस."

उत्तरेश्वरला वाटलं, चुकीचं ऐकलं. वारा होता ना. त्यानं ओरडून विचारलं, "क्या?"

"वापस!"

"अरे सामने तो है!"

"है. कल भी रहेगा. उधर देखो." पश्चिमेकडून काळा ढग सरकत येत होता. जमिनीला टेकल्यासारखा.

उत्तरेश्वरच्या अंगाची आग झाली, मंडळी. पाच वर्षं! वाळूची पिशवी, पडलेली नखं, ती सलाईन — आणि हा माणूस घड्याळ दाखवतोय? तो म्हणाला, "मैं आज तक रुका नहीं. एक भी बार नहीं!"

दरबानसिंग म्हणाला, "मैं सात बार रुका हूँ. इसलिए तुम्हारे सामने खड़ा हूँ."

काय बोलला! पण कान होते का ऐकायला? कान शिखरावर होते. उत्तरेश्वरनं हातातला मोठा मोजा काढला. आणि कमरेची गाठ सोडायला लागला! दोरीची गाठ! म्हणाला, "तुम जाओ. मैं अकेला जाता हूँ."

"मत खोलो!" — दरबानसिंग ओरडला. पण तो दोरीच्या त्या टोकाला, हा ह्या टोकाला. मध्ये उतार, आणि उताराखाली हजार फूट मोकळी हवा. गाठीचा एक वेढा सुटला. दुसरा सुटायच्या बेतात —

आणि मधून आवाज आला. "थांबा दादा. मीपण येते."

निलोफर! तीही आपली गाठ सोडायला लागली होती. म्हणाली, "थांबायचं नाही, दादा."

उत्तरेश्वर हसला. आपली चेली! त्यानं तिच्याकडं बघितलं. आणि त्याला काहीतरी विचित्र दिसलं. ती गाठ सोडत नव्हती. ती गाठीवर हात आपटत होती. डावा हात लाकडासारखा गाठीवर पडत होता, बोटं वळत नव्हती. आणि त्या हातावर मोठा मोजा नव्हता. नुसता आतला, पातळ!

"निलू, मोजा कुठाय?"

"पडला."

"कुठं पडला?"

"भेगेपाशी. पट्टा आवळायला काढला, वाऱ्यानं नेला."

भेगेपाशी! म्हणजे किती वेळ झाला? दोन तास, मंडळी! उणे पंधरा थंडीत दोन तास! हा चार पावलं पुढं गेला, तिचा हात धरला, पातळ मोजा ओढून काढला. दोन बोटं — अनामिका आणि करंगळी — पांढरी. मेणबत्तीसारखी. त्यानं दाबलं. "कळतंय?" तिनं मान हलवली. नाही.

"अगं मग बोलली का न्हाईस?"

तिनं त्याच्याकडं कसं बघितलं असेल? ती रागानं बोलली नाही. शाळेतलं पोर पाठ केलेलं सांगतं ना, तशी बोलली. "दुखणं तोंडात आणायचं नाही. तुम्हीच म्हणाला होता, दादा."

मंडळी...

(पेटी जरा थांबवा, बुवा.)

सहा हजार मीटरवर, वारा घोंगावतोय, आणि त्या माणसाच्या कानावर स्वतःचंच वाक्य परत आलं. ज्या वाक्याला टाळ्या मिळाल्या, ते वाक्य समोर उभं होतं. पांढऱ्या पडलेल्या बोटांचं!

आणि ढग जवळ येतोय. वर बघितलं तर शिखर आहे. खाली बघितलं तर ती बोटं आहेत. अजून एक तास, आणि बोटं जातील. आणखी एक तास, आणि हात. आणि मग? मग हात नसलेली मुलगी हा उतार उतरणार कशी?

काय केलं त्यानं? सुटलेली गाठ परत बांधली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. अंगावरचे तीन कपडे वर केले, तिचा हात उघड्या काखेत घेतला आणि दाबून धरला. बर्फाचा तुकडा काखेत ठेवल्यासारखी कळ आली. तो मोठ्यानं ओरडला, "आई गं!" आयुष्यात पहिल्यांदा दुखणं तोंडात आणलं बघा त्यानं!

दरबानसिंग खाली आला. पाठीवरच्या पिशवीतून एक जाड मोजा काढून पुढं केला. जादाचा. सकाळपासून होता! निलोफर त्या मोज्याकडं बघत राहिली. मागितला असता तर मिळाला असता. नुसतं तोंड उघडलं असतं तर!

उत्तरेश्वर म्हणाला, "दरबानसिंगजी, वापस." आणि शिखराकडं पाठ केली. मंडळी, ती पाठ फिरवायला त्याला किती जोर लागला असेल?

चढाया लागे छातीचे बळ ।
उतराया लागे मन निर्मळ ॥

म्हणा माझ्याबरोबर! चढाया लागे... हं. बास. अजून खाली पोचलेले नाहीत ते.

उतरताना उलटा क्रम. अनुभवी माणूस वर, मागं. म्हणजे पुढं कोण? उत्तरेश्वर! ढगानं गाठलंच. हातभर पुढचं दिसेना. बर्फाचे कण तोंडावर सुयांसारखे. दोन वाजले, अडीच वाजले. आणि ती भेग आली. सकाळचा पूल होता तसाच दिसत होता. उत्तरेश्वरनं कुऱ्हाड टोचली. घट्ट वाटला. एक पाऊल. दुसरं. तिसरं —

आणि पूल गेला!

खाली काळोख, पाय हवेत, आणि कमरेला एक हिसका — लोंबकळला! वर निलोफर त्या हिसक्यानं तोंडावर आपटली, ओढली गेली, भेगेच्या काठाकडं घसरायला लागली. तिनं कुऱ्हाड बर्फात रोवली. कुठल्या हातानं? उजव्या! डावा तर कामाचा नव्हता. एका हातावर सगळा भार. मागून दरबानसिंगनं दोरी आवळली, अंग बर्फावर टाकलं.

भेगेतून आवाज आला, "निलू! जमंना तर सांग! सांग गं बाई!"

वरून तिनं किंचाळून सांगितलं, "दादा, हात दुखतोय! फार दुखतोय! लवकर या!"

"येतो! बोलत ऱ्हा! गप बसू नको!"

दरबानसिंगनं मागं कुऱ्हाड ठोकून दोरी बांधली, पुढं आला, दुसरी दोरी सोडली. उत्तरेश्वर बुटाचे काटे भिंतीत मारत मारत वीतभर वीतभर वर आला. चाळीस मिनिटं लागली. आणि त्या चाळीस मिनिटांत एक क्षण निलोफर गप्प बसली नाही. दुखतंय, दुखतंय, दुखतंय! आणि मंडळी, खाली लोंबकळणाऱ्या माणसाला तो आवाज म्हणजे वर दोरी धरलेली आहे ह्याची खूण होती.

मग लांबून वळसा घालून भेग ओलांडली आणि तळावर पोचले. जिवंत. तिघंही.

निलोफरच्या दोन बोटांची टोकं गेली. एकेक पेर. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर वर राहिला असता तर पंजाचं सांगता आलं नसतं.

आता उत्तरेश्वर पिंपळझरीला परत आला. एसटी स्टँडवर काय बघतो? फलक! "शिखरवीर उत्तरेश्वर वाघमोडे यांचे हार्दिक स्वागत!" हलगी, गुलाल, नगराध्यक्ष हार घेऊन उभे. मोहिमेला गेला म्हणजे वर पोचलाच, असं गावानं धरूनच टाकलं होतं! आता खोटं बोलणं किती सोपं होतं? बोलायचंही नव्हतं. नुसती मान पुढं करायची. हार पडला असता!

हा पायरीवरच थांबला. म्हणाला, "मी वर गेलो न्हाई."

हलगी थांबली. "म्हंजी?"

"ऐंशी मीटर ऱ्हायलं. तितनं मागं फिरलो."

गर्दीतून एकजण म्हणाला, "ऐंशी मीटर? आपल्या टाकीच्या तीन पट! आरं, रांगत गेला असतास तरी पोचला असतास!" लोक हसले. नगराध्यक्षांना हाराचं काय करावं कळेना. दुसऱ्या हातात घेतला, मग मागच्या माणसाकडं दिला.

आणि गर्दीतून पद्मिन पुढं आली. तिनं शिखराचं विचारलं नाही. म्हणाली, "त्या पोरीचा हात कसा हाय?"

तेव्हा हा माणूस तिथं, स्टँडवर, त्या फलकाखाली रडला. सगळ्या गावासमोर. म्हणाला, "पद्मिन, लई दुखतंय गं." आणि पद्मिन म्हणाली, "सांगा. सांगा की. मी हाय की हितं."

दुसऱ्या आठवड्यात तो मिरजेला गेला. निलोफरच्या वडलांसमोर खाली मान घालून बसला, म्हणाला, माझ्या वाक्यानं तुमच्या पोरीची बोटं गेली. वडील म्हणाले, "बोटं गेली. पोरगी आणली तुम्ही परत. चहा घ्या." माफ केलं असं काही ते बोलले नाहीत, मंडळी. चहा घ्या, एवढंच.

दोन वर्षांनी त्याच डोंगरावर दोघं परत गेले. दरबानसिंगच पुढं. शेवटच्या तळावर उत्तरेश्वरचं डोकं ठणकायला लागलं. तो उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "मेरा सिर दुखता है. मैं यहीं रुकता हूँ." आणि थांबला! तंबूत चहा उकळत बसला. निलोफर साडेदहाला शिखरावर पोचली. उत्तरेश्वर वाघमोडे त्या शिखरावर कधीच गेला नाही. आजपर्यंत नाही. पाणी सोडतो पिंपळझरीत, वेळेवर.

आता परत विचारू? अण्णा, धीराचा माणूस कोण? ... अण्णा गप्प! अहो, मीही गप्प आहे. मला फक्त एवढं कळतं — माणूस एकटा पुढं जात नाही. तुम्ही घरातले कर्ते आहात ना? तुमच्या कमरेला दोरी आहे. पोरगा आहे त्या दोरीला, सून आहे, म्हातारी आई आहे. तुम्ही पोराला म्हणता, मार्क पाहिजेत, रडायचं नाही. सुनेला म्हणता, आमच्या घरात असं बोलत नाहीत. आणि ती ऐकतात हो तुमचं! तोंडातून शब्द काढत नाहीत. तुम्हाला वाटतं, घर किती सुखात आहे! अहो, मोजा केव्हाच उडून गेलाय. तुमची नजर शिखरावर आहे!

मी आरती लगेच लावणार नाही. टाळ खाली ठेवा. ज्यांची माणसं शेजारी बसलीत, त्यांनी त्यांच्याकडं वळा. तोंडाकडं नको, हाताकडं बघा. आणि विचारा, कुठं दुखतंय का?

लाजू नका. विचारा. मी थांबतो.